अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यंगचित्रे : मंत्र्यांची लाचखोरी आणि कर्जदारांचा तुरुंग एकाच बैठकीत कसे मांडावेत?

वाचनकट्टा_सोलापूर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सोलापुरातील आमच्या वाचनकट्ट्याच्या पुढच्या बैठकीसाठी अठराव्या शतकातील ब्रिटिश राजकीय व्यंगचित्रे हा विषय घेतला आहे. ब्रिटिश म्युझियमने अशी हजारो छापचित्रे वर्णनासह आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवल्यामुळे चित्रे मिळवण्याची अडचण नाही. ती समजून घेण्याची अडचण मात्र आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

प्राथमिक निवड करताना चित्रांचे दोन गट पडले. पहिल्या गटात सत्ताधाऱ्यांच्या लाचखोरीवरची चित्रे आहेत. त्यांपैकी १७४० मधले एक चित्र आजही पाहणाऱ्याला दचकवते. राजवाड्याकडे जाणाऱ्या कमानीत एक महाकाय पुरुष दोन्ही पाय फाकून पाठमोरा उभा आहे, त्याचा पार्श्वभाग उघडा आहे, आणि सरकारी पदाच्या आशेने आलेला माणूस त्याचे चुंबन घेत आहे. हा पुरुष म्हणजे त्या वेळी जवळजवळ वीस वर्षे सत्तेवर असलेला रॉबर्ट वॉलपोल होय. दुसऱ्या गटात तुरुंगाची चित्रे आहेत. विल्यम होगार्थ याच्या उधळ्या तरुणाच्या आठ चित्रांच्या मालिकेतील सातवे, होगार्थच्याच, एका वेश्येच्या जीवनावरील मालिकेतील चौथे, आणि रिचर्ड न्यूटन या चित्रकाराने १७९३ मध्ये काढलेले न्यूगेट तुरुंगातील फेरफटक्याचे चित्र, अशी तीन आम्ही वेगळी काढून ठेवली आहेत.

आता प्रश्न असे. देशाच्या सर्वांत बलाढ्य मंत्र्याला अशा अवस्थेत दाखवणारे चित्र उघडपणे विकले जात असताना चित्रकार आणि विक्रेता गजाआड का गेले नाहीत? त्याच काळात लेखक आणि मुद्रक तर जात होते. दुसरे असे की तुरुंगाच्या चित्रांत भ्रष्ट मंत्री कोठेच दिसत नाही. दिसतात ते कर्जात बुडालेले, टाकून दिलेले आणि हताश झालेले लोक. मग हे दोन गट एका बैठकीत ठेवणे योग्य होईल, की दोन वेगळे विषय आम्ही ओढूनताणून एकत्र आणत आहोत? कट्ट्यावर शिक्षक आणि विद्यार्थी येतात, तसेच यंत्रमागावर काम करणारे आणि गिरणीतून निवृत्त झालेले लोकही येतात. त्यांचे वाचन चांगले आहे, परंतु इंग्लंडच्या इतिहासाची माहिती गृहीत धरता येणार नाही.

निवृत्त_इतिहासशिक्षक

विषय उत्तम निवडला आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी कायद्यात आणि काही अंशी व्यवहारात आहे.

छापण्यापूर्वी परवाना घेण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १६९५ साली संपली आणि ती पुन्हा लागू झाली नाही. त्यानंतर सरकारच्या हाती उरला तो छापून झाल्यावर राजद्रोहात्मक बदनामीचा खटला भरण्याचा मार्ग. लेखकांविरुद्ध तो वारंवार वापरला गेला, कारण लेखातील वाक्य आरोपपत्रात जसेच्या तसे उतरवता येते आणि त्यावर बोट ठेवता येते. चित्राचे तसे होत नाही. आपण उल्लेखिलेल्या चित्रात त्या महाकाय पुरुषाचा चेहरा दिसतच नाही. खटला चालवायचा तर हा देह सन्माननीय मंत्रिमहोदयांचाच आहे, हे सरकारी वकिलाला भर न्यायालयात स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले असते, आणि तसे सांगणे म्हणजे चित्रकाराचे म्हणणे सरकारी खर्चाने शहरभर पोहोचवणे होते. शिवाय लंडनची ज्यूरी अनेकदा सरकारच्या विरोधात जात असे. १७९२ च्या कायद्यापूर्वी मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे न्यायाधीश ठरवत आणि ज्यूरीने केवळ तो प्रसिद्ध केला की नाही एवढेच सांगावे अशी अपेक्षा असे. तरीही ज्यूरी हट्टाला पेटून आरोपीला सोडून देण्याची भीती सरकारला कायम होती.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. रंगभूमीच्या बाबतीत वॉलपोलने हात आखडता घेतला नाही. १७३७ मध्ये राजाच्या आणि मंत्र्याच्या अंगविक्षेपांवर बेतलेल्या एका अश्लील नाटकाचे निमित्त करून त्याने कायदा संमत करून घेतला आणि प्रत्येक नव्या नाटकाची संहिता दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घेणे बंधनकारक केले. त्याच विषयावरचे छापचित्र त्याच वर्षी निघाले होते, मात्र चित्रांना हा कायदा लागू झाला नाही. म्हणजे रंगमंचावर जे बोलता येत नव्हते, ते दुकानाच्या काचेआड टांगता येत होते. रंगवलेल्या चित्राची किंमत शतकाच्या उत्तरार्धात साधारण एक शिलिंग आणि साध्याची सहा पेन्स असे. मजुराला ती परवडणारी नव्हती, पण दुकानाच्या खिडकीसमोर उभे राहून पाहायला पैसे लागत नसत. ज्यांच्यावर ही चित्रे काढली जात, त्या वर्गातले लोकच ती विकत घेत, संग्रही ठेवत आणि मेजवानीनंतर पाहुण्यांना दाखवत.

चित्रकारांना पूर्ण अभय होते असा मात्र याचा अर्थ नाही. जेम्स गिल्रे याला जानेवारी १७९६ मध्ये अटक झाली. त्याने युवराजाच्या नवजात कन्येचे चित्र येशूच्या जन्मप्रसंगाच्या धर्तीवर काढले होते आणि आरोप धर्मनिंदेचा ठेवण्यात आला. मंत्र्यांची त्याने आधी अनेक वर्षे जी खिल्ली उडवली होती, तिच्यासाठी त्याला कोणी हात लावला नव्हता. न्यूटनच्या चित्रांचा प्रकाशक विल्यम हॉलंड याला १७९३ मध्ये एका वर्षाची कैद आणि शंभर पौंड दंड झाला, तोही चित्रासाठी नव्हे, तर राजेशाहीवर टीका करणारा लेखक टॉमस पेन याची पुस्तिका विकल्याबद्दल. आपण निवडलेले न्यूगेटचे चित्र हॉलंड त्या तुरुंगात असतानाच निघाले आहे आणि ते काढताना न्यूटन सोळा वर्षांचा होता. ही पार्श्वभूमी श्रोत्यांना अवश्य सांगावी, कारण तिच्याशिवाय ते केवळ चांगल्या कपड्यांतील लोकांच्या सहलीचे चित्र वाटेल.

मुद्राचित्र_कार्यशाळा

मी मुद्राचित्रण शिकवतो, त्यामुळे चित्रांच्या अंगाने लिहितो. बैठकीत चित्रे भराभर पुढे सरकवू नयेत ही माझी पहिली विनंती आहे. ही चित्रे वाचायची असतात. पंधरा चित्रे ओझरती दाखवण्यापेक्षा चार चित्रे प्रत्येकी पंधरा मिनिटे पडद्यावर ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आधी कृती समजावून सांगावी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर देतात, सुईने तो थर खरवडून रेषा काढतात आणि पत्रा सौम्य केलेल्या नायट्रिक आम्लात सोडतात. जेथे तांबे उघडे पडले आहे तेथे आम्ल चर पाडते. मग शाई चोळून वरची पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. छाप उलटी येते, म्हणून चित्रातील प्रत्येक अक्षर पत्र्यावर उलटे लिहावे लागते. हे सांगण्याचे कारण असे की होगार्थच्या चित्रांत चिठ्ठ्या, पाट्या, वह्यांची पाने यांवर बारीक मजकूर असतो, आणि तो तेथे कष्टाने आणि हेतुपूर्वक ठेवलेला आहे.

आता तुमचे सातवे चित्र घेऊ. स्थळ लंडनमधील फ्लीट तुरुंग. वारशाने आलेला पैसा आणि नंतर एका श्रीमंत प्रौढेशी केवळ पैशासाठी केलेल्या लग्नातून मिळालेला पैसा, दोन्ही जुगारात घालवून बसलेला टॉम रेकवेल मध्यभागी सुन्न बसला आहे. त्याच्या शेजारी टेबलावर एक चिठ्ठी आहे. त्याने पैशासाठी लिहिलेले नाटक वाचले, पण ते चालणार नाही, असे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने तिच्यात कळवले आहे. तुरुंगाचा शिपाई हातात वही घेऊन नव्या कैद्याकडून घ्यावयाची रक्कम मागत आहे. बिअर घेऊन आलेला पोरगा पैसे मिळाल्याशिवाय हलायला तयार नाही. बायको कानाशी ओरडत आहे. ज्या सारा यंग हिला त्याने पूर्वी फसवून सोडले होते ती मुलीसह भेटायला आली आहे आणि त्याची दशा पाहून बेशुद्ध पडली आहे. एक बाई तिच्या नाकाशी औषधाची कुपी धरते आहे, दुसरी तिचा हात चोळते आहे. मागे एका कैद्याने भट्टी मांडली आहे, कारण त्याला धातूचे सोने करायचे आहे. पलंगाच्या छतावर कोणी तरी तयार केलेले दोन मोठे पंख ठेवले आहेत.

या सर्वांत माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे तो दाढी वाढलेला, फाटक्या कपड्यांतला कैदी. त्याच्या हातून एक कागद निसटतो आहे, आणि त्या कागदावर राष्ट्राचे कर्ज फेडण्याची नवी योजना, ती लिहिणारा सध्या फ्लीटमध्ये कैदी, अशा अर्थाचे शब्द आहेत. बैठकीत हा कागद मोठा करून दाखवा. स्वतःच्या कर्जापायी अडकलेला माणूस देशाचे कर्ज कसे फेडावे हे लिहून काढतो आहे आणि ते कर्ज करणारे बाहेर मोकळे आहेत. तुमच्या दोन गटांना जोडणारा धागा होगार्थने स्वतःच येथे ठेवला आहे.

होगार्थला हा तुरुंग ऐकून माहीत नव्हता. त्याचे वडील शिक्षक होते. त्यांनी लॅटिन बोलणाऱ्यांसाठी एक कॉफीगृह काढले, ते बुडाले, आणि १७०८ च्या सुमारास कर्जापोटी ते फ्लीटमध्ये गेले. १७१२ मध्ये कर्जदारांना सोडवणारा कायदा झाला तेव्हा सुटले. होगार्थ त्या वेळी दहा ते पंधरा वर्षांचा होता. शिपायाची वही आणि बिअरच्या पोराचा पुढे केलेला हात यांत जी अचूकता आहे ती तेथून आली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दिवाणी_वकील

वरच्या दोन्ही प्रतिसादांना जोडून कायद्याची बाजू मांडतो. आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माझे स्पष्ट मत असे की हे दोन विषय नाहीत. ज्या व्यवस्थेत मत, पद आणि मंत्र्याची मर्जी विकत मिळत होती, त्याच व्यवस्थेत तुरुंगही विकला जात होता, आणि ही गोष्ट श्रोत्यांच्या मनावर ठसली तर दोन्ही गटांतील चित्रे एकमेकांना समजावून सांगू लागतील.

सोलापूरच्या माणसासमोर राजकारण आणि तुरुंग हे दोन शब्द एकत्र आले की १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे डोळ्यांसमोर येतात, आणि ते स्वाभाविक आहे. तथापि होगार्थच्या काळातील लंडनच्या तुरुंगांत मोठा भरणा होता तो साध्या कर्जदारांचा. सावकाराने दावा करावा आणि कर्जदाराला रक्कम फिटेपर्यंत अडकवून ठेवावे, अशी पद्धत होती. त्याला शिक्षा झालेली नसे, त्यामुळे शिक्षेची मुदतही नसे. आत गेल्यावर खोलीचे भाडे, बिछान्याचे पैसे, बेड्या हलक्या करून घेण्याचे पैसे आणि सुटताना द्यायची फी हा सर्व खर्च त्याच्याच माथी पडे. कमाईचा मार्ग बंद झालेल्या माणसाचे कर्ज तुरुंगात राहूनच वाढत जाई.

हे पैसे जात कोठे? फ्लीटच्या वॉर्डनचे, म्हणजे तुरुंगप्रमुखाचे, पद ही विकत घेण्याची वस्तू होती. जॉन हगिन्स याने ते पाच हजार पौंडांना मिळवले आणि १७२८ मध्ये तेवढ्याच रकमेला टॉमस बॅम्ब्रिज आणि त्याच्या एका भागीदाराला विकले. गुंतवलेला पैसा कैद्यांकडूनच वसूल व्हायचा होता. रॉबर्ट कॅसल हा वास्तुशास्त्राचा अभ्यासक कर्जामुळे बॅम्ब्रिजच्या ताब्यात आला. मागितलेली रक्कम तो देऊ शकला नाही, तेव्हा ज्या घरात देवीची साथ होती तेथे त्याला ठेवण्यात आले. आपल्याला देवी आलेल्या नाहीत, असे तो सांगत राहिला आणि तेथेच देवी येऊन मरण पावला. त्याचा मित्र जेम्स ओगलथॉर्प हा कनिष्ठ सभागृहाचा सदस्य असल्यामुळे १७२९ मध्ये चौकशी समिती नेमली गेली. होगार्थने या समितीचे बॅम्ब्रिजसह तैलचित्र काढले आहे; ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे आणि संकेतस्थळावर पाहता येते. बॅम्ब्रिजवर खुनाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. सातव्या चित्रातील शिपायाची वही या सगळ्यासह पाहावी.

आणखी एक मुद्दा दोन्ही गटांना थेट जोडतो. कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला दिवाणी कर्जासाठी अटक करता येत नसे. त्यामुळे कर्जबाजारी उमरावाला निवडून येणे हा प्रतिष्ठेइतकाच बचावाचाही प्रश्न असे, आणि त्यासाठी तो आणखी कर्ज काढून मते विकत घेई. मतदान उघड असल्यामुळे दिलेल्या लाचेचा हिशेब लगेच जुळवता येत असे. गुप्त मतदान तेथे १८७२ मध्ये आले. ओल्ड सॅरम या उजाड जागेतून मूठभर मतदारांच्या जोरावर दोन प्रतिनिधी जात. होगार्थची निवडणुकीवरची चार चित्रे ऑक्सफर्डशायरमधील १७५४ च्या निवडणुकीनंतरची आहेत. त्यांतील तिसरे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. दोन्ही हात गमावलेला एक वृद्ध सैनिक शपथ घेण्यासाठी बायबलवर लोखंडी आकडा ठेवतो आणि हाताऐवजी आकडा ठेवलेली शपथ ग्राह्य धरावी का यावर वकील हुज्जत घालतात. त्याच्या मागे एका मतिमंद माणसाला मतदानासाठी आणले आहे आणि त्याच्या कानात कुजबुजणाऱ्याच्या पायात बेडी आहे. त्यामागून मरणासन्न मतदाराला उचलून पायऱ्या चढवत आहेत. दूरवर ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीची, बग्गी कलंडण्याच्या बेतात आहे आणि तिचा गाडीवान पत्ते खेळत बसला आहे.

आपल्या जिल्ह्याशी असलेला एक खरा दुवा नोंदवून ठेवतो. कर्जासाठी अटक करण्याची ही इंग्रजी पद्धत कंपनी आणि राणीच्या न्यायालयांबरोबर आपल्याकडेही आली. १८७५ मध्ये दख्खनमध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यानंतर १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट करण्यात आला, आणि पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करण्यास त्याने मनाई केली. कट्ट्यावरील ज्येष्ठ मंडळींपैकी ज्यांच्या घरी जुन्या दाव्यांची कागदपत्रे असतील त्यांना टॉम रेकवेलची कोठडी फारशी परकी वाटणार नाही.

वाचनकट्टा_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलसाहेबांनी दाखवलेला धागाच आम्ही बैठकीचा मुख्य मुद्दा करू. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. राजकीय कैद्याचे चित्र म्हणून जॉन विल्क्सचे चित्र घ्यावे असे एका सभासदाने सुचवले आहे. ते या मांडणीत बसेल का? आणि हिंदुस्थानातील लुटीवर या चित्रकारांनी काय काढले? हा प्रश्न बैठकीत निश्चितच येईल.

मुद्राचित्र_कार्यशाळा

विल्क्सचे चित्र अवश्य घ्यावे, पण ते कैद्याच्या बाजूने काढलेले नाही हे आधी सांगावे. विल्क्सने आपल्या नियतकालिकाच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर कडक टीका केली. तो अंक २३ एप्रिल १७६३ चा. त्यानंतर कोणाचेही नाव न लिहिलेले अटकेचे हुकूम निघाले, जवळजवळ पन्नास जणांना पकडण्यात आले आणि विल्क्सला टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवले गेले. ६ मे रोजी मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी त्याची सुटका केली, कारण तो कनिष्ठ सभागृहाचा सदस्य होता. त्या सुनावणीच्या वेळी होगार्थने न्यायालयात उभे राहून त्याचे रेखाटन केले आणि दहा दिवसांत छापचित्र विक्रीला आणले.

चित्रात विल्क्स खुर्चीत ऐसपैस बसला आहे. त्याच्या हातातील काठीवर स्वातंत्र्याची टोपी आहे, नजर तिरळी आहे, ओठांवर कुटिल हसू आहे आणि केसांच्या टोपाचे दोन्ही झुपके शिंगांसारखे वर आलेले आहेत. शेजारच्या टेबलावर दोन अंक आहेत, ४५ वा आणि १७ वा. सरकारने ४५ व्या अंकासाठी विल्क्सला पकडले होते; १७ व्या अंकात त्याने होगार्थवर व्यक्तिगत हल्ला चढवला होता. होगार्थ त्या वेळी राजाचा अधिकृत चित्रकार होता. फ्लीटमधील कैद्यांकडे ज्याने इतक्या करुणेने पाहिले, तो राजकीय कैद्याकडे पाहताना सरकारच्या बाजूला उभा राहिला, आणि मला ही गोष्ट दरवेळी खटकते. तरीही विल्क्सच्या चाहत्यांनी तेच चित्र घराघरांत लावले. ४५ हा आकडा लंडनच्या दारांवर खडूने लिहिला जाऊ लागला.

निवृत्त_इतिहासशिक्षक

विल्क्सविषयी एवढीच भर घालतो की नाव नसलेले ते हुकूम पुढे न्यायालयांनी बेकायदा ठरवले आणि ते काढणाऱ्या मंत्र्याकडून, लॉर्ड हॅलिफॅक्सकडून, विल्क्सला १७६९ मध्ये चार हजार पौंड नुकसानभरपाई मिळाली. त्या वेळी तो दुसऱ्यांदा, किंग्ज बेंच तुरुंगात, कैद भोगत होता.

हिंदुस्थानविषयी तीन चित्रे पुरेशी आहेत. पहिले जेम्स सेयर्स याचे, ५ डिसेंबर १७८३ चे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या मंडळाकडे देण्याचे विधेयक चार्ल्स जेम्स फॉक्स याने आणले होते. चित्रात फॉक्स मोगली पोशाखात हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीकडे निघाला आहे, हत्तीला त्याचा सत्तेतील भागीदार लॉर्ड नॉर्थ याचा चेहरा आहे आणि पुढे त्याचा सहकारी एडमंड बर्क कर्णा फुंकत चालला आहे. कंपनीच्या लाचखोरीला आळा घालू पाहणाराच येथे लोभी नबाब म्हणून दाखवला गेला. दोन आठवड्यांच्या आत विधेयक पडले आणि फॉक्सचे मंत्रिपदही गेले. धाकटा पिट पंतप्रधान म्हणून सत्तेवर आल्यावर सेयर्सला सरकारी पद मिळाले.

दुसरी दोन चित्रे गिल्रेची आहेत आणि दोन्ही वॉरन हेस्टिंग्जवर आहेत. सालबाईचा तह करणारा हेस्टिंग्ज आपल्या वाचकांना परिचित आहे. मे १७८६ च्या चित्रात त्याला हिंदुस्थानचा तारणहार म्हटले असून बर्क, फॉक्स आणि नॉर्थ दरोडेखोरांप्रमाणे त्याच्यावर तुटून पडले आहेत. हेस्टिंग्ज ढाल पुढे करून त्यांना थोपवतो आहे. १ मार्च १७८८ च्या चित्रात मात्र तोच हेस्टिंग्ज पैशांच्या थैल्या घेऊन लॉर्ड चॅन्सेलर थर्लो याच्या खांद्यावर बसला आहे आणि थर्लो हिंदुस्थानी प्रेतांनी भरलेल्या रक्ताच्या समुद्रातून वाट काढतो आहे. मधल्या काळात, १३ फेब्रुवारी १७८८ रोजी, हेस्टिंग्जवरचा महाभियोग वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झाला होता. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. बनारसच्या चेतसिंगाकडून आणि अवधच्या बेगमांकडून उकळलेल्या पैशाचा त्या सभागृहात सात वर्षे पाढा वाचला गेला, पण त्यासाठी तुरुंगात कोणी गेले नाही. आपण विचारले होते की भ्रष्ट मंत्री तुरुंगाच्या चित्रात का दिसत नाही. वॉलपोल स्वतः १७१२ मध्ये विरोधी पक्षाचे बहुमत असताना भ्रष्टाचाराच्या ठपक्यावरून काही महिने टॉवरमध्ये होता, आणि साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात अर्थमंत्री आयलबी १७२१ मध्ये तेथेच गेला. पण टॉवरचे दरवाजे सभागृहाचे अधिवेशन संपले की उघडत, फ्लीटचे दरवाजे पैसे भरल्यावरच उघडत.

गिल्रेबद्दल एक गोष्ट कट्ट्यावर लपवू नये. १७९७ पासून पिटच्या पक्षाकडून त्याला वर्षाला दोनशे पौंडांचे मानधन गुप्तपणे मिळू लागले आणि त्यानंतर त्याच्या सुईचा रोख बहुतांश विरोधकांकडे वळला. खटल्यातून जे साधता येत नव्हते ते सरकारने पैशातून साधले. आपल्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हेही धरावे.

दिवाणी_वकील

क्रमाविषयी सूचना करतो. आधी १७४० चे वॉलपोलचे चित्र, मग निवडणुकीचे तिसरे, त्यानंतर फ्लीट, मग विल्क्स, आणि शेवटी गिल्रेची हेस्टिंग्जवरची दोन चित्रे शेजारी शेजारी लावावीत. वेश्येच्या मालिकेतील चौथे चित्र फ्लीटच्या जोडीला ठेवता येईल, कारण रेशमी झगा अंगावर असतानाच ताग कुटायला लावलेली ती मुलगी आणि तिच्यावर वेताची छडी उगारून उभा असलेला पहारेकरी पाहिल्यावर, पैसा नसलेल्या बाईची तुरुंगात काय गत होती हे वेगळे सांगावे लागत नाही. न्यूटनचे चित्र वेळ उरला तर घ्यावे. मात्र घेतल्यास न्यूगेटचा तो भाग जादा पैसे भरणाऱ्या कैद्यांसाठी राखलेला होता, हे अवश्य सांगावे.

वाचनकट्टा_सोलापूर

हाच क्रम ठेवत आहोत. फ्लीटच्या चित्रातील चिठ्ठी, शिपायाची वही आणि राष्ट्रीय कर्जाचा तो कागद यांचे मोठे केलेले तुकडे वेगळे छापून घेऊ आणि त्यांवरील मजकुराचा मराठी अनुवाद खाली देऊ. मुद्राचित्राचे सर बैठकीला येऊन तांब्याचा पत्रा आणि सुई प्रत्यक्ष दाखवू शकतील का? दिवस आणि वेळ त्यांच्या सोयीने ठरवता येईल.

मुद्राचित्र_कार्यशाळा

आनंदाने येईन. आम्ल सभागृहात आणणे योग्य नाही, म्हणून रेषा आधीच खोदून झालेला पत्रा घेऊन येतो; शाई भरून छाप तेथेच काढू आणि ज्यांना इच्छा असेल त्यांना स्वतःच्या हाताने एक-एक छाप घेता येईल. दाबयंत्र जड आहे, तेव्हा तळमजल्यावरील खोली आणि एक भक्कम टेबल यांची व्यवस्था आधी पाहून ठेवावी.